येशू कोण? वॉन्टेजचा वाद आणि केडगावचं घर

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा मिशनऱ्यांपासून सुरुवात करतो. त्यांच्या शाळा, त्यांचे दवाखाने, छापखाने, धर्मांतरं. आज आपण तसं न करता एका प्रश्नापासून सुरुवात करू. येशू कोण? शुभवर्तमानात हा प्रश्न खुद्द येशूच आपल्या शिष्यांना विचारतो. लोक मला कोण समजतात, हे आधी विचारतो, आणि मग तुम्ही मला कोण समजता, असं विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्यांची मिळून जी मंडळी झाली, तिच्यापुढे लगेच आणखी एक प्रश्न उभा राहिला: आता आपण एकत्र राहायचं कसं?

हे दोन प्रश्न एकाच आयुष्यात, अगदी उघडपणे, एकमेकांना भिडलेले पाहायचे असतील तर पंडिता रमाबाईंकडे जावं लागतं. रमाबाईंची समाजसुधारक म्हणून ओळख आपल्याला आहे. पण त्यांनी इंग्लंडमध्ये येशूच्या स्वरूपावर जो वाद घातला, त्याकडे आपलं लक्ष कमी जातं. काहींना तो घरातला जुना पत्रव्यवहार वाटतो, काहींना धर्मशास्त्राचा काथ्याकूट. आपल्या मते केडगावचं मुक्ती मिशन समजून घ्यायचं असेल तर हा वाद आधी समजून घ्यायला हवा.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा विरोध सोसावा लागला. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत, तीर्थयात्रा करत देशभर हिंडलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अशी तिघंही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत अखेर १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. म्हणजे बघा, चोवीस वर्षं पुरी व्हायच्या आत या बाईंनी काय काय पाहिलं होतं.

त्यानंतर त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. पुण्यातच त्यांची ओळख वॉन्टेजच्या अँग्लिकन भगिनींशी झाली. त्यात सिस्टर जेराल्डीन होत्या. दुसरी महत्त्वाची ओळख फादर नेहेम्या गोरे यांची. काशीच्या शास्त्रीपरंपरेतून ख्रिस्ती झालेले हे चित्पावन विद्वान. रमाबाईंच्या शंका त्यांना आतून कळत होत्या, कारण त्या वाटेने ते स्वतः गेलेले होते.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही. आपण ख्रिस्ती होणार नाही असं त्या निघताना म्हणत होत्या. तरी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज इथे त्यांनी लहान मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडंच आधी त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली होती. परक्या देशात, इतक्या मोठ्या धक्क्यानंतर घेतलेला हा निर्णय होता, हे आपण ध्यानात ठेवलं पाहिजे.

पण त्यांना ख्रिस्ताकडे ओढलं कशाने? पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्या याचं उत्तर देतात. लंडनजवळ फुलहॅम इथे वॉन्टेजच्या भगिनी एक निवारा चालवत. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत. त्यांना कुणी हिडीसफिडीस करत नव्हतं, उलट त्यांच्या सेवेला स्त्रिया आपलं आयुष्य देत होत्या. रमाबाईंनी हे पाहिलं आणि विचारलं, हे तुम्ही का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. येशू आणि शोमरोनी स्त्री यांची भेट.

ही गोष्ट आपल्या कानांना परकी नाही. दुपारची वेळ, गावाबाहेरची विहीर. पाणी भरायला एक बाई एकटीच आलेली. तिचे पाच नवरे होऊन गेलेले. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो! कुणाच्या हातचं पाणी कोण पितं, यावर आपल्याकडे माणसाची किंमत ठरत आली आहे. रमाबाईंसारख्या शास्त्र्याच्या मुलीला या प्रसंगाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय त्याच संभाषणात येशू सांगतो, की खरी उपासना या डोंगराला किंवा त्या नगराला बांधलेली नाही. सगळी तीर्थं पायी करून झालेल्या बाईला हे कसं लागलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

म्हणजे ‘येशू कोण’ याचं रमाबाईंचं पहिलं उत्तर असं होतं: टाकलेल्या स्त्रीला जो उभं करतो, तो. हे उत्तर त्यांना सिद्धांत म्हणून मिळालं नाही. फुलहॅमच्या त्या घरात लोक एकत्र कसे राहत होते, हे पाहून मिळालं.

आता वाद कुठे होता? चर्चचं म्हणणं होतं, एवढं उत्तर पुरत नाही. आणि चर्चची बाजू आपण नीट मांडली पाहिजे, ती हास्यास्पद नव्हती. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने शिकवलं, की पुत्र हा सर्वश्रेष्ठ खरा, पण तोही देवाने निर्माण केलेला. त्यावर ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने ठरवलं, की पुत्र पित्याशी एकसत्त्व आहे, निर्मिलेला नाही. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्या मतांगीकाराचा पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्तारला. ४५१ मध्ये खाल्कीदोनच्या परिषदेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचं सांगितलं. यामागे साधी चिंता होती. येशू जर देवाने पाठवलेला फक्त एक थोर माणूस असेल, तर देव स्वतः आपल्याजवळ आला असं म्हणता येत नाही. मग विहिरीवर पाणी मागणारा कोण होता? एक सज्जन प्रवासी, की साक्षात देव? चर्चच्या दृष्टीने तारणाचा सगळा भार या उत्तरावर होता.

सिस्टर जेराल्डीन या परंपरेच्या माणूस. त्यांच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार होता. ठरावीक सणांना तो म्हणायचा असे. ही श्रद्धा जो धरणार नाही त्याचं तारण नाही, असं त्यात स्पष्ट आहे. रमाबाईंना हे पटेना. त्या बहुदेवपूजा सोडून, ब्राह्मो विचारांतून एकेश्वरवादापर्यंत आल्या होत्या. एका देवाच्या शोधात इतकं चालून आल्यावर त्रैक्य म्हणजे पुन्हा तीन देवांकडे जाणं, असं त्यांना वाटत होतं. येशू हा ख्रिस्त आहे, देवाचा पुत्र आहे, हे त्यांना मान्य होतं. तो पित्याच्या बरोबरीचा देव आहे, हे पवित्र शास्त्रात मला दाखवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाप्तिस्मा घेताना मी शास्त्राला बांधली गेले, चर्चने नंतर केलेल्या प्रत्येक सूत्राला नाही, ही त्यांची भूमिका. आणि चर्च म्हणजे तरी कोणतं? इंग्लंडात पाहावं तर पंथांची गर्दी. प्रत्येकाचं म्हणणं, खरं ते आमच्याकडे. जेराल्डीनना यात अहंकार दिसला. नवशिक्या मुलीने आईचं ऐकावं, तसं तिने चर्चचं ऐकावं, असं त्यांना वाटे. त्यावर रमाबाईंनी कळवलं, त्याचा आशय असा, की मोठ्या कष्टाने मी आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मी मानेवर घेणार नाही. या पत्रव्यवहारातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणता येईल. कारण इथे येशूच्या स्वरूपाचा प्रश्न आणि सत्तेचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. येशू कोण, हे ठरवायचं कुणी?

हा गुंता रोजच्या जगण्यातही होता. रमाबाई शाकाहारी राहिल्या. त्यांच्या ताटावरून कुरबुरी झाल्या. ख्रिस्ती झाल्यावर हे सोवळं कशाला, असा सूर होता. लॅटिन अक्षरं कोरलेल्या क्रूसाचा विषय निघाला, तेव्हा रमाबाईंनी विचारलं, मला न कळणारी लॅटिन कशासाठी? अक्षरं हवीतच तर संस्कृत असू देत. लॅटिनलाच पावित्र्य कुठून आलं, हा प्रश्न संस्कृतच्या पंडितेने विचारला होता! मग मनोरमेच्या शिक्षणाचा वाद. जे मला स्वतःला पटलेलं नाही ते माझ्या मुलीला शिकवू नका, असं आईचं सांगणं होतं. मुलगी वाढत होती भगिनींच्या घरात. त्यामुळे हे दुखणं दोन्ही बाजूंना फार खोल गेलं.

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील यांनी सुचवलं, की रमाबाईंनी भारतात जाणाऱ्या इंग्रजांना शिकवावं. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिची प्रतिष्ठा जाईल म्हणे! रमाबाईंना याचं नवल वाटलं. माझ्या वडिलांनी, माझ्या पतीने कधी यात गैर मानलं नाही, आणि तुम्ही मला अडवता? बीलबाईंची रीत मात्र वेगळी होती. त्या रमाबाईंच्या शंकांना सविस्तर उत्तरं देत, वाद घालत, पण गप्प बस असं म्हणत नसत. श्रद्धेला वाढायला वेळ लागतो, हे त्यांना कळत होतं.

इथे जरा थांबू या. या वादाकडे ‘स्वतंत्र रमाबाई आणि हेकट इंग्रज बाई’ असं पाहणं सोपं आहे. आपल्याला ते पुरेसं वाटत नाही. जेराल्डीनचं मनोरमेवर खरं प्रेम होतं. लहान मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणत असे. रमाबाईंच्या आत्म्याचं काय होईल, ही काळजी त्यांच्या दृष्टीने खरी होती. आणि ज्या फुलहॅमच्या घरामुळे रमाबाईंना ख्रिस्त दिसला, ते घर याच भगिनींनी, याच मतांगीकाराच्या बळावर उभं केलेलं होतं. म्हणजे फळ रमाबाईंना गोड लागलं आणि झाडाच्या मुळांविषयी शंका होत्या. असं होऊ शकतं. अनेकांचं होतं.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, बोस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था निघाली. या संस्थेत अनेक पंथांचे लोक होते. युनिटेरियनही होते, म्हणजे त्रैक्य न मानणारेही. काम असं ठरलं, की विधवांसाठी शाळा काढायची आणि तिथे कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. सदनात मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती.

मग १८९१ च्या सुमाराला रमाबाईंच्या मनात मोठा बदल झाला. त्या पुढे लिहितात त्याचा अर्थ असा, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आता तो मिळाला. येशूचं देवपणही त्यांनी पुढे स्वीकारलं. पण ते बिशपांनी सांगितलं म्हणून नाही, आपल्या वाटेने चालून. त्या सकाळी मुलीबरोबर प्रार्थना करत, खोलीचं दार उघडं असे, आणि सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी अंग काढून घेतलं. कित्येक पालकांनी मुली नेल्या. बोस्टनच्या संस्थेने मात्र पाठिंबा कायम ठेवला.

रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझं दार मी का लावून घेऊ? सल्लागारांचं म्हणणं, ज्यांच्यावर मुली सर्वस्वी अवलंबून आहेत, त्या बाईंचं उघडं दार हेही एक बोलावणंच आहे. आपण प्रामाणिक असू तर दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. वॉन्टेजला मनोरमेविषयी रमाबाईंनी जो आक्षेप घेतला होता, तोच आता पुण्यातले पालक त्यांच्याविषयी घेत होते. माझं लेकरू तुमच्या छपराखाली आहे म्हणून त्याची श्रद्धा तुम्ही घडवायची का? हा प्रश्न इथे उलटून त्यांच्याच दारात आला.

त्यानंतर दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. लहानपणी स्वतः भुकेने हिंडलेली बाई होती ती. प्लेगमुळे पुण्यात इतक्या मुली ठेवणं कठीण झालं. तेव्हा केडगावला घेतलेल्या जमिनीवर विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या केल्या, आणि १८९८ मध्ये ‘मुक्ती’ उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या, आणि वस्ती दीड हजारावर गेली.

ही संस्था चालायची कशी, ते पाहण्यासारखं आहे. शेती, गाई, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. सगळं मुली आणि बायकाच करत. टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होतं. ते फुलहॅमचंच बीज, केडगावच्या मातीत पडलेलं. आंधळ्यांसाठी ‘बार्तीमी सदन’, म्हाताऱ्या आणि आजारी बायकांसाठी ‘प्रीती सदन’. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवा होत्या. इथे दुष्काळाने सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीला आणून बसवल्या. त्या एका विहिरीचं पाणी पीत होत्या. शोमरोनी बाईची गोष्ट इथे कुणी वाचून दाखवत असेल, तेव्हा ऐकणाऱ्यांना ती रोज घडत असलेली दिसत होती.

१९०५ मध्ये तिथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास रडत, गात, प्रार्थना करत. बाहेरच्या काही ख्रिस्ती लोकांना हा प्रकार आवडला नाही. त्यांना भावनेचा अतिरेक वाटला. रमाबाईंची भूमिका साधारण अशी, की भारतीय माणसं देवापुढे आपल्या रीतीने व्यक्त होत असतील तर त्यांना पाश्चात्त्य शिस्तीच्या साच्यात का बसवायचं? लॅटिन अक्षरांच्या क्रूसावर बोलणारी बाई इथे पुन्हा ऐकू येते.

आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा-सतरा वर्षं त्यांनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. खिळे जुळवणं, छापणं मुक्तीतल्या बायकांनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतराचं काम त्यांनी संपवलं होतं. शास्त्रात मला दाखवा, असं ज्या बाईंनी वॉन्टेजला म्हटलं होतं, त्यांनी अखेर ते शास्त्रच मुलींच्या हातात ठेवलं, कुणाच्या मध्यस्थीशिवाय वाचता यावं म्हणून.

आता शेवटचा मुद्दा. मुक्तीतल्या मुलींना खरोखर निवड होती का? भुकेने आणलेल्या पोरीला दुसरं घर नव्हतं. तिथली श्रद्धा तिने स्वीकारली, तर तो किती अंशी तिचा निर्णय होता? हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि तो टाळून मुक्तीचा इतिहास लिहिता येणार नाही. पण त्याच्या शेजारी दुसरी गोष्टही ठेवली पाहिजे. ज्या समाजाने हा प्रश्न विचारला, त्याच्या दारात या मुली आधी उभ्या होत्या, आणि तिथे त्यांच्यासाठी जागा नव्हती.

मग ‘येशू कोण’ या प्रश्नाचं काय? नायसियाचं उत्तर आणि रमाबाईंचं पहिलं उत्तर ही एकमेकांची वैरी नाहीत, असं आपल्याला वाटतं. एक सांगतं, विहिरीवर पाणी मागणारा साक्षात देव होता. दुसरं सांगतं, तो देव होता हे लोकांना कळायचं असेल तर त्याच्या नावाच्या घरात कुणाच्याही हातचं पाणी चाललं पाहिजे. पहिलं उत्तर तोंडपाठ असलेल्या आणि दुसरं विसरलेल्या मंडळ्या आपल्याकडेही झाल्या. जातीनुसार वेगळ्या बसणाऱ्या, लग्नं जातीतच जुळवणाऱ्या. म्हणून वॉन्टेजचा वाद संपला असं म्हणता येत नाही. तो प्रत्येक मंडळीच्या पंगतीत रोज नव्याने सोडवावा लागतो.

आज इथेच थांबू या. तुमच्या गावात, तुमच्या मंडळीत या गोष्टीच्या काही आठवणी असतील, आजी-पणजी मुक्तीत वाढलेली असेल, तर त्या आठवणी लिहून ठेवा. इतिहास त्यातूनच पुढे जातो.